दुर्गम भागातील संपर्क आणि उपग्रह दूरध्वनी

जेथे दूरध्वनीची तार पोहोचलेली नाही आणि मोबाइलचा मनोराही नाही, अशा प्रदेशात संकटसमयी उपग्रह दूरध्वनी उपयोगी पडतो. इन्मारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर स्थिर भासतात. तेथून बोलणे किंचित उशिरा पोहोचते. इरिडियमचे ६६ कार्यरत उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि ध्रुवप्रदेशही व्यापतात. दोहोंसाठी मोकळे आकाश आवश्यक असते. खोल दरीत किंवा छपराखाली संपर्क तुटतो.

उपकरणाची किंमत, मासिक आकार व प्रतिमिनिट आकार हे खर्चाचे तीन भाग होत. अल्पकालीन प्रवासासाठी अनेक देशांत उपकरण भाड्याने मिळते, तर केवळ लघुसंदेश पाठविणारे उपकरण त्याहून स्वस्त पडते. भारतात मात्र स्वस्ताईपूर्वी कायद्याचा विचार केला पाहिजे. दूरसंचार विभागाच्या परवानगीविना थुराया वा इरिडियमचा दूरध्वनी बाळगल्यास जप्ती व अटक होऊ शकते. परदेशी पर्यटकही यास अपवाद नाहीत. भारत संचार निगमने २०१७ मध्ये इन्मारसॅटवर आधारित सेवा सुरू केली; तिचा प्रारंभ शासकीय यंत्रणांपासून झाला.

मच्छीमारांसाठी इस्रोने विकसित केलेले संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात आहे. त्यावर संभाषण होत नाही. तथापि नौकेचे स्थान उपग्रहामार्फत बचाव यंत्रणेस कळते. सुधारित यंत्रात संदेश पोहोचल्याची पोचही नौकेस मिळते. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी ही माहिती मच्छीमार कुटुंबांपर्यंत पोहोचविणे अगत्याचे आहे.