धुक्यातील वाट आणि दिव्यांची दिशा

डिसेंबर-जानेवारीतील पहाटे. भिलाईहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा क्रमांक ५३, दुर्ग ओलांडून शिवनाथ नदीच्या आसपास येतो, तेव्हा पुष्कळदा समोरचा रस्ता दिसेनासा होतो. धमधा परिसरातील टोमॅटो, कारखानदारीचे सुटे भाग, दुधाचे कॅन, किराणा असा माल घेऊन निघालेली लहान पिकअप वाहने त्या पांढऱ्या पडद्यात शिरतात. राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा असा सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा हा मार्ग. नागपूरकर भोसल्यांच्या अंमलापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, या दोन प्रदेशांतील माणसांची ये-जा सुरू आहे. १९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि ही वर्दळ अनेक पटींनी वाढली.

पिकअप हे अनेक कुटुंबांचे चालते-बोलते दुकानच असते. बहुधा ते बँकेच्या कर्जातून घेतलेले असते आणि त्याच्या रोजच्या फेरीवर घरखर्च व हप्ता दोन्ही अवलंबून असतात. साहजिकच धुक्यात नीट दिसावे म्हणून वाहनधारक पुढे जादा दिवे बसवून घेतो. पैसा खर्च होतो, दिवे झगझगीत दिसतात, परंतु रस्ता मात्र पूर्वीइतकाच अंधूक राहतो. असे का होते आणि काय केले असता ते टळेल, याचा विचार या लेखात करू.

धुके म्हणजे काय?

निरभ्र आकाश, मंद वारा आणि शेतजमिनीतील ओलावा असा योग जुळला की रात्री जमीन झपाट्याने थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे सूक्ष्म थेंब बनतात. एक किलोमीटरच्या आतील दृश्यमानतेला हवामानशास्त्र धुके म्हणते. दृश्यमानता २०० मीटरहून कमी झाली की ते दाट आणि ५० मीटरहून कमी झाली की अतिदाट समजले जाते. अशा प्रकारचे धुके जमिनीपासूनच तयार होत असल्यामुळे, ‘खाली धुके विरळ असते, म्हणून दिवे खाली बसवायचे’ हा लोकप्रिय समज येथे लागू पडत नाही. दिवे खाली बसवण्याचे खरे कारण निराळे आहे.

दिव्याचा प्रकाश थेंबांवर पडला की तो सर्व दिशांना विखुरतो आणि त्याचा काही भाग चालकाच्या डोळ्यांकडे परत येतो. हेडलाइट अप्परवर ठेवला तर चालकाच्या दृष्टिरेषेतील धुकेच उजळून निघते आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. प्रकाश जितका प्रखर, तितकी ती भिंत अधिक पांढरी. पिकअपच्या चालकाचे डोळे जमिनीपासून दीड मीटरहून अधिक उंचीवर असतात. दिवा अर्ध्या-पाऊण मीटरवर असेल आणि त्याचा झोत वर न जाता जमिनीलगत आडवा पसरत असेल, तर उजळलेले धुके दृष्टिरेषेच्या खाली राहते आणि डोळ्यांवर येणारी झळाळी कमी होते. म्हणून चांगल्या फॉग लॅम्पची खूण त्याच्या प्रखरतेत नसून झोताच्या आकारात असते. तो झोत रुंद व चपटा असतो आणि त्याची वरची कड पट्टीने आखल्यासारखी स्पष्ट असते. त्याचे काम दूरचे दाखवण्याचे नसते. जवळचा रस्ता, कडेचा पांढरा पट्टा आणि साइडपट्टी दाखवणे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते.

पिवळ्या प्रकाशाविषयीही एक गैरसमज आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने बरेच मोठे असतात. त्यामुळे पिवळा आणि पांढरा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतो. पिवळा प्रकाश धुक्याला भेदून पलीकडे जातो, असे नाही. काही चालकांच्या डोळ्यांना तो सौम्य वाटतो, हे मात्र खरे. तेव्हा रंग आपल्या सोयीने निवडावा, परंतु केवळ रंगासाठी अधिक पैसे मोजू नयेत.

दिवे निवडताना

जुने दिवे बदलताना पूर्ण जोडी घ्यावी. काचेवर वर्तुळातील ‘ई’ आणि त्यासोबत ‘बी’ किंवा ‘एफ ३’ ही अक्षरे असल्यास तो दिवा फॉग लॅम्प म्हणून तपासलेला आहे, असे समजावे. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील ४८व्या नियमानुसार पुढील बाजूस असे दोनच दिवे असावेत, त्यांचा रंग पांढरा किंवा पिवळा असावा आणि हलक्या वाहनांवर ते जमिनीपासून २५ ते ८० सेंटिमीटर या पट्ट्यात बसवावेत. टपावर बसवलेले दिवे धुक्यात कुचकामी ठरतात, कारण ते नेमके दृष्टिरेषेपुढचे धुके उजळतात.

हॅलोजन बल्बच्या जागी नुसता एलईडी बल्ब अडकवण्याची पद्धत सध्या फार फोफावली आहे. दिव्यातील परावर्तक हा हॅलोजनच्या बारीक तारेची जागा गृहीत धरून घडवलेला असतो. एलईडीचा प्रकाश वेगळ्या आकाराच्या पृष्ठभागावरून येतो. परिणामी झोताची वरची कड विस्कटते आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. एलईडी हवाच असेल तर एलईडीसाठीच घडवलेला पूर्ण दिवा घ्यावा.

वायरिंगची मेख

साधारण हॅलोजन फॉग लॅम्प ५५ वॉटचा असतो. १२ व्होल्टवर एक दिवा सुमारे ४.६ अँपिअर आणि जोडी सुमारे ९.२ अँपिअर प्रवाह घेते. हा प्रवाह डॅशबोर्डवरील लहान स्विचमधून नेणे धोक्याचे असते. बॅटरीपासून १५ अँपिअरचा फ्यूज, तेथून रिलेचे ३० क्रमांकाचे टोक आणि ८७ क्रमांकाच्या टोकापासून दिवे, अशी जोडणी करावी. स्विचकडून येणारा अल्प प्रवाह ८५ व ८६ या टोकांमधून जाऊन रिले चालू करतो. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ असावा, कारण बॅटरी आणि फ्यूज यांमधील वायरला कोणतेच संरक्षण नसते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवण्यास विसरू नये.

वायरच्या जाडीवर केलेली काटकसर महागात पडते. समजा, जाण्या-येण्याची मिळून सहा मीटर वायर लागली. ती अर्धा चौरस मिलिमीटर जाडीची असेल तर वाटेतच दीड ते दोन व्होल्ट खर्ची पडतात. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या घटीपेक्षा कितीतरी वेगाने घटतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरले की प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी कमी होतो. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. अनेकदा जुना दिवा मंद वाटतो तो बल्बमुळे नव्हे, तर बारीक वायर व गंजलेल्या अर्थिंगमुळे. नवीन दिवे घेण्यापूर्वी अर्थिंगच्या जागेवरील रंग व गंज खरवडून पाहावा. कदाचित तेवढ्यानेच काम भागेल.

दिशा लावण्याची रीत

आता मुख्य मुद्दा. दिवा उत्तम असूनही त्याची दिशा चुकली तर तो नसल्यासारखाच असतो. त्यासाठी संध्याकाळची वेळ, सपाट जागा, एक भिंत, टेप आणि खडू एवढी सामग्री पुरते. जागा सपाट आहे की नाही हे गवंड्याच्या पाणसळीने किंवा लेव्हल ट्यूबने पाहून घ्यावे.

प्रथम टायरमधील हवा योग्य करावी. दिव्याची काच भिंतीपासून पाच मीटरवर येईल असे वाहन भिंतीसमोर सरळ उभे करावे. चालकाच्या जागी एक माणूस बसवावा. जमिनीपासून दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची मोजून तेवढ्या उंचीवर भिंतीवर आडवी रेघ मारावी. तिच्या खाली १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ मारावी. एक दिवा पुठ्ठ्याने झाकून दुसऱ्याच्या झोताची वरची कड या खालच्या रेघेवर येईपर्यंत स्क्रू फिरवावा. नंतर दुसऱ्या दिव्याचेही तसेच करावे. दोन्ही झोत सरळ पुढे असावेत.

पाच मीटरला १० सेंटिमीटर म्हणजे दोन टक्क्यांचा उतार. दिवा ६० सेंटिमीटर उंचीवर असेल तर त्याच्या झोताची वरची कड ३० मीटरवर रस्त्याला टेकते. धुक्याच्या दिव्याकडून एवढीच अपेक्षा ठेवावी.

पिकअपचा खरा प्रश्न भाराचा आहे. मोटारगाडीच्या मानाने तिचे मागचे पाटे भारानुसार बरेच दबतात. तिच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर साधारण तीन मीटर असते. हौदा भरल्यावर मागची बाजू पुढच्यापेक्षा केवळ ६ सेंटिमीटर अधिक खाली गेली, तरी वाहनाचे नाक दोन टक्क्यांनी वर उचलले जाते. म्हणजे रिकाम्या गाडीत आपण काळजीपूर्वक दिलेला सगळा उतार संपतो आणि झोत क्षितिजसमांतर होतो. गॅरेजमध्ये योग्य वाटलेला दिवा पहाटे धुक्यात आपल्याच डोळ्यांवर उलटतो आणि समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला आंधळा करतो. पुष्कळांच्या तक्रारीचे मूळ येथेच असते.

म्हणून दिशा नेहमीच्या भारासह लावावी. त्यानंतर गाडी रिकामी करून झोत कोठे टेकतो तेही पाहून ठेवावे. वरील उदाहरणात उतार चार टक्के होऊन झोत १५ मीटरवरच संपेल. रिकाम्या परतीच्या फेरीत वेग त्या बेताने ठेवावा लागेल.

दिसते तेवढ्यातच थांबता आले पाहिजे

ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन सेकंदाला ११ मीटर अंतर कापते. संकट दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर १७ मीटर गेले. ओलसर रस्त्यावर बेताचा ब्रेक लागला असे धरले तर थांबण्यास आणखी सुमारे १२ मीटर लागतात. एकूण २९ मीटर, म्हणजे आपल्या ३० मीटरच्या झोतात कसेबसे बसणारे. ताशी ६० किलोमीटरला हेच अंतर ५० मीटरच्या पुढे जाते. मग समोर बंद पडलेला, मागचा दिवा नसलेला ट्रक दिसेल, पण थांबता येणार नाही. कोणताही दिवा हा हिशेब बदलू शकत नाही. धुके अतिदाट झाले तर महामार्ग सोडून ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपाच्या आवारात थांबणे हेच शहाणपणाचे. मागचे दिवे व परावर्तक पट्ट्या रोज पुसाव्यात. आपल्याला दिसणे जितके आवश्यक, तितकेच आपण इतरांना दिसणेही आवश्यक आहे.

कागदपत्रांविषयी दोन शब्द

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घातल्या आहेत. म्हणून बंपर कापणे, जादा वॉटचे बल्ब किंवा दिव्यांच्या रांगा बसवणे टाळावे. वाहनाच्या मूळ किमतीत समाविष्ट नसलेल्या विद्युत उपकरणांची नोंद विमापत्रात स्वतंत्रपणे करून घ्यावी, अन्यथा नुकसानीच्या वेळी त्यांची भरपाई मिळणे कठीण होते. वाहन बँकेकडे नजरगहाण असेल तर विमा वेळेवर नूतनीकृत ठेवणे ही कर्जदाराचीही जबाबदारी आहे. दिव्यांचे व वायरिंगचे बिल जपून ठेवावे.

कर्जाचा हप्ता एखादा दिवस उशिरा भरता येतो आणि बाजार एखाद्या दिवशी चुकला तरी दुसऱ्या दिवशी गाठता येतो. पहाटे निघालेले माणूस मात्र संध्याकाळी घरी परतलेच पाहिजे. त्यासाठी या हिवाळ्यात एक संध्याकाळ भिंत, खडू आणि टेप यांना द्यावी.