दुखतं उभ्याने, फोटो निघतो झोपून

साठीनंतर पाय ठणकायला लागला की शेजारपाजारचे, नात्यातले, अगदी भाजीवालीसुद्धा एकच उपाय सांगते: "सायटिका असेल, भुजंगासन करा." माझा उजवा पाय कुल्ह्यापासून नडगीच्या बाहेरच्या अंगाने थेट अंगठ्यापर्यंत ठणकायचा. कंबरेची तक्रार जवळजवळ नव्हतीच. योगवर्गातल्या बाई छाती आणखी वर उचलायला लावायच्या आणि माझ्या अंगठ्याला मुंग्या यायच्या. "ताण बसतोय, छान," असं त्यांचं म्हणणं.

एमआरआय झाला. रिपोर्टात तीन ठिकाणी गादी सरकलेली आणि बाकी 'वयोमानानुसार झीज'. हे खोटं नव्हे. काहीही दुखत नसलेल्या साठीच्या दहा माणसांचे एमआरआय काढले तर बहुतेकांत झीज दिसेलच. म्हणूनच नुसता रिपोर्ट वाचून कुणी ऑपरेशन सांगितलं किंवा कुणी "काही नाही, वय झालं" म्हणून वाटेला लावलं, तर दोघांवरही लगेच विश्वास ठेवू नये.

पुढच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "काकू, ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटताना दुखतं का?" दुखायचं. कोपरं ओट्यावर टेकून पुढे वाकलं की मिनिटभरात उतरायचंही. मग त्यांनी फिल्म उजेडावर धरली आणि बाजूने घेतलेली चित्रं दाखवली. दोन मणक्यांच्या मध्ये, दोन्ही अंगांना, नस बाहेर पडायला एकेक छिद्र असतं. वर गोल, खाली निमुळतं, किल्लीच्या भोकासारखं. वरच्या छिद्रांत नसेचा काळा ठिपका आणि भोवती चरबीचं पांढरं कडं स्वच्छ दिसत होतं. उजवीकडच्या सगळ्यात खालच्या छिद्रात ठिपका होता, पांढरं काहीच नव्हतं.

हे घडतं असं. छिद्राच्या पुढच्या बाजूला गादी असते, मागे छोटा सांधा आणि पिवळसर अस्थिबंध. तरुणपणी गादीत भरपूर पाणी असतं, वयाबरोबर ते आटतं. गादी चपटी झाली की वरचा मणका खाली बसतो आणि खालच्या मणक्याच्या सांध्याचं टोक वर-पुढे सरकून छिद्रात शिरतं. अस्थिबंध सैल पडून आत फुगतो, सांध्याच्या कडेला हाड वाढतं. नस छिद्राच्या वरच्या भागात असते, त्यामुळे बराच काळ निभावून जातं. पण शेवटच्या छिद्रातून जाणारी एल-५ ही नस जाड आणि तिथली जागा मुळातच अडचणीची. नडगी, पाऊल आणि अंगठ्याचा कारभार तिच्याकडे असतो.

आता खरी गोम. हे छिद्र दिवसभर एकाच मापाचं राहत नाही. पुढे वाकलं की ते मोठं होतं, मागे झुकलं की लहान. मृतदेहांच्या कण्यांवरच्या एका प्रयोगात पुढे वाकवल्यावर क्षेत्रफळ सुमारे १२ टक्क्यांनी वाढलं आणि मागे वाकवल्यावर १५ टक्क्यांनी घटलं. भुजंगासनाने अंगठा का झिणझिणायचा, ते कळलं ना? (गादी सरकलेल्या काही तरुणांना हेच आसन मानवतं, आसनाचा दोष नाही, सरसकट वाटण्याचा आहे.) आणि एमआरआयच्या यंत्रात आपल्याला गुडघ्याखाली उशी देऊन निजवतात, म्हणजे छिद्र ऐसपैस असतानाच फोटो निघतो.

तेव्हा डॉक्टरांकडे जाताना फाइलबरोबर ही माहितीही न्या: उभ्याने किती वेळात दुखतं, बसलं की थांबतं का, कळ कुठवर जाते. चालताना पोटऱ्या भरून येतात आणि नुसतं उभं राहिल्यावरच आराम पडतो, वाकावं-बसावं लागत नाही, असं असेल तर पायाच्या रक्तवाहिन्याही तपासून घ्या. मधुमेह किंवा तंबाखू असेल तर नक्कीच. कळ जांघेत असेल आणि मांडी घालता येत नसेल तर खुब्याकडे बघायला सांगा. बाजूच्या चित्रांत नसेभोवतीची चरबी दिसते का, हे विचारायला लाजू नका.

माझं फिजिओथेरपीने आणि नसेजवळच्या एका इंजेक्शनने भागलं. छिद्र काही रुंद झालं नाही, नसेची सूज उतरली. माळ्यावरचे डबे खाली आले, पोळ्या लाटताना एक पाय पाटावर ठेवते. वाकल्याने बरं वाटतं म्हणून कंबरेतून वाकून बादली मात्र उचलायची नाही, त्यात गादीवर भार येतो. हाडं ठिसूळ असतील तर वाकण्याचे व्यायामही विचारूनच.

टाचेवर चालताना पाऊल खाली पडू लागलं, चप्पल पायातून निसटू लागली, तर चार दिवस थांबू नये. लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जावं.