नर्मदातीरी रात्रीचे आसन

आषाढीच्या वाटेवर चालणाऱ्या वारकऱ्यास 'आज रात्री निजायचे कुठे?' हा प्रश्न सहसा पडत नाही. दिंडीचा तळ ठरलेला असतो, सामानाचा ट्रक पुढे गेलेला असतो, राहुट्या उभ्या असतात. चोपदारांनी हाक दिली, समाजआरती झाली, की ज्याने त्याने आपल्या राहुटीत पाठ टेकावी. म्हणूनच परवा कार्तिकीहून परतताना आमच्या दिंडीतील एका वृद्ध वारकऱ्यांनी जे विचारले ते ऐकून मी थोडा थबकलो. ते म्हणाले, "बुवा, एकदा नर्मदामाईची परिक्रमा करावी असे फार दिवसांपासून मनात आहे. चालण्याचे भय नाही, चाळीस वर्षे चालतोच आहे. पण तिकडे ना दिंडी, ना तळ. रात्री टेकायचे कुठे, आणि अनोळखी माणसाच्या दारात उभे राहायचे तरी कसे?"

या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिल्याचे उत्तर सोपे आहे, दुसऱ्याचे मला स्वतःला चुकूनच कळले.

नर्मदा अमरकंटकास उगम पावते आणि १३१२ किलोमीटर वाहत भडोचच्या खाली समुद्रास मिळते. परिक्रमा म्हणजे नदी उजव्या हाताला ठेवून तिच्या दोन्ही तटांनी चालणे; म्हणजे अडीच हजार किलोमीटरच्या वर वाट झाली. मध्ये कोठेही पात्र ओलांडावयाचे नाही. बहुतेक मराठी माणसे ओंकारेश्वराहून निघतात, दक्षिण तटाने पश्चिमेस जातात, समुद्राशी नावेने तट बदलतात आणि उत्तर तटाने अमरकंटक गाठून परत येतात. वारीत माणसांचा लोट असतो. इथे कित्येक दिवस आपण, सोबती आणि नदी, एवढेच. वाटेत भेटणारा प्रत्येक जण 'नर्मदे हर' म्हणतो, हीच ओळख आणि हाच परवाना.

आता मुक्काम. ओंकारेश्वर, महेश्वर, नर्मदापुरम अशा मोठ्या क्षेत्री धर्मशाळा आहेत. महेश्वरी अहिल्याबाई होळकरांनी बांधलेल्या घाटांवर बसले, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातल्या चौंडीची ही लेक किती लांबवर यात्रेकरूची सोय पाहत होती हे ध्यानात येते. उत्तर तटावर गरुडेश्वरी टेंबे स्वामींची समाधी आहे. माणगावचे हे स्वामी १९१४ साली तेथे समाधिस्थ झाले. तेथे मराठी कानावर पडते आणि घरी आल्यासारखे वाटते. पण अशी क्षेत्रे रोज थोडीच येणार? रोजची रात्र जाते ती लहानशा आश्रमात, देवळाच्या ओवरीत, शाळेच्या पडवीत, पंचायतीच्या खोलीत, किंवा कुणा शेतकऱ्याच्या ओसरीवर. त्यास 'आसन लावणे' म्हणतात. आसन म्हणजे काय, तर आपली सतरंजी पसरण्यापुरती जागा. काही ठिकाणी शिजलेले अन्न मिळते. काही ठिकाणी सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, मीठ असा कोरडा शिधा मिळतो. तीन दगडांची चूल मांडून आपले आपण टिक्कड भाजावे. टिक्कड म्हणजे जाड पानगीसारखी भाकर. पहिल्या दिवशी ती बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते. आठ दिवसांनी जमते.

आश्रमाच्या दारात गेल्याबरोबर पहिला प्रश्न येतो, "कितनी मूर्ती?" माणसे किती असे विचारीत नाहीत, मूर्ती किती असे विचारतात. ऐकायला फार गोड वाटते; पण त्यात हिशेबही आहे, हे नवख्यास कळत नाही. मूर्तीगणिक पीठ मळावयाचे असते.

इथे माझी गोष्ट सांगतो. आम्ही पाच जण चालत होतो. दोघांचे पाय दुखावले, ते मागे पडले. पौष महिना, दिवस भराभर मावळत होता. आम्ही तिघे एका लहानशा गावी पोहोचलो. आश्रम नव्हता, एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने ओसरी दाखविली आणि तोच प्रश्न केला. मागचे दोघे कदाचित अलीकडच्याच गावी थांबतील असे मी मनाशी धरले. आणि खरे सांगायचे तर, पाच म्हटले तर हा नाही म्हणेल असेही मनात आले. मी म्हणालो, "तीन." तासाभराने दोघे कंदिलाच्या उजेडात लंगडत आले. तोवर तिघांच्या भाकरी तव्यावरून उतरल्या होत्या. म्हातारा काही बोलला नाही. आतून परात घेतली आणि अंधारात शेजाऱ्याकडे गेला. पीठ मागून आणले. त्याची सून पुन्हा चुलीशी बसली. आम्ही पाचही जण जेवलो. पण मला घास गिळवेना. पाच म्हटले असते तर त्याने पाचांचे पीठ दिवसाउजेडी आणविले असते, एवढाच फरक. मी मात्र त्याला रात्री दुसऱ्याच्या दारात उभे केले. दिवसभर मी दारोदार उभा राहत होतो, त्याचे मला ओझे वाटत होते; त्याच्या ओझ्याचा विचार मी केलाच नव्हता.

त्या रात्री मला पंढरीची वीट आठवली. आपण तिच्यावर डोके ठेवतो, पण ती तिथे आली कशी? पुंडलिक आईबापांच्या सेवेत गुंतला होता. देव दारी आला. पुंडलिकाने हातचे काम टाकले नाही. वीट भिरकावली आणि यावर थांब म्हणाला. आपण कीर्तनात या कथेत भक्ताची थोरवी गातो, ती योग्यच आहे. पण परिक्रमेत हीच कथा पाहुण्याच्या अंगाने वाचावी. देव पाहुणा म्हणून आला आणि घरधन्याची सवड होईतो कमरेवर हात ठेवून उभा राहिला. ना आत डोकावला, ना 'मी कोण आहे ठाऊक आहे का' म्हणाला. दारात उभे राहायचे कसे, हे आमच्या म्हाताऱ्या वारकऱ्यांनी विचारले, तर असे.

बाकीचे मग व्यवहाराचे आहे. चार वाजता चालणे आवरते घ्यावे. थंडीत साडेपाच-सहाला दिवस बुडतो. अंधारात आलेला पाहुणा घरच्या बाईस नकोसा होतो, आणि त्यात तिची काही चूक नाही. सकाळी निघताना, पुढे आसन कुठे लागेल हे त्याच घरी विचारून घ्यावे. पुढच्या गावी मागच्या गावाचे नाव सांगितले की दार लवकर उघडते. ओंकारेश्वरी परिक्रमेचे प्रमाणपत्र मिळते, ते जवळ असू द्यावे. एका लहान ठिकाणी चार-पाचांहून अधिक जणांनी जाऊ नये. मोठा जथा घेऊन जाणे हे वारीत भूषण आहे, इथे ते यजमानावर संकट आहे. कुठे नकार मिळाला तर 'नर्मदे हर' म्हणून पुढे व्हावे. कारण विचारू नये. घरात सोयर असेल, सुतक असेल, पीठच नसेल. आश्रमात दानपेटी असते तीत यथाशक्ती घालावे. गरिबाच्या घरी पैसे पुढे केले तर तो कानकोंडा होतो. म्हणून मोठा बाजार लागला की चहापत्ती, साखर, गूळ असे थोडे घेऊन ठेवावे आणि निघताना चुलीपाशी ठेवून यावे. स्त्रियांनी शक्यतो जेथे बायामाणसांचा वावर आहे असे घर किंवा आश्रम पाहावा, आणि विचारपूस घरच्या बाईपाशी करावी, बुवापाशी नव्हे. हे स्पष्ट लिहितो याबद्दल कुणी रागावू नये.

हल्ली खिशात मोबाइल असतो आणि मुक्कामांच्या याद्याही हाती पडतात. यादी जवळ असावी, पण तिच्यावर विसंबू नये. या तीरावरचा आश्रम म्हणजे पुष्कळदा एक साधू आणि एक धुनी. साधू उठून गेला की धुनी विझते, यादीत नाव तेवढे राहते. जुन्या परिक्रमावाल्यांची वर्णने वाचून निघणाऱ्यांची तर फारच पंचाईत होते, कारण ज्या काठाने ते गेले तो काठच जागोजाग उरलेला नाही. बरगीचे धरण झाले, मग इंदिरासागर झाले. सरदार सरोवर २०१९ साली प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरले. बडवानीजवळचे राजघाट पाण्यात गेले. शूलपाणेश्वराचे जुने देऊळ बुडाले, नवे गोऱ्याजवळ बांधले आहे. वाटा पाण्यापासून दूर, वर सरकल्या. पुष्कळ परिक्रमावासी आता बडवानीहून खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा असे आपल्या नंदुरबार जिल्ह्यातून जातात. तिथे भाषेची अडचण नाही. एक गोष्ट मात्र विसरू नये: धरणामुळे ज्यांची घरे गेली, त्यांतले कित्येक जण आज आपल्याला ओसरी देत आहेत. शूलपाणीच्या झाडीत भिल्ल लुटतात, अशा गोष्टी पूर्वीचे लोक सांगत. त्या ऐकून आजच्या माणसाकडे संशयाने पाहत गेलात, तर आसन मिळेलही, पण झोप लागणार नाही.

समुद्राशी मात्र सगळ्यांनाच थांबावे लागते. दक्षिण तटावरच्या विमलेश्वराच्या बाजूने नाव निघते ती भरती पाहून. माणसे फार असली तर आपली पाळी दुसऱ्या दिवसावरही जाते. पलीकडे मिठी तलाईला उतरावयाचे. तिथे घाई करून उपयोग नाही. पाणी पिण्याजोगे आहे का एवढे आधी विचारावे आणि पथारी पसरावी.

राहिला त्या वृद्ध वारकऱ्यांचा शेवटचा प्रश्न, जो त्यांनी विचारला नाही पण मला दिसत होता: आषाढी चुकणार का? शास्त्रोक्त परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांची. तीत चातुर्मासाचे चार महिने एकाच ठिकाणी राहावे लागते, म्हणजे आषाढी नर्मदाकाठीच. ज्यांचा वारीचा नेम आहे त्यांनी हे व्रत घेऊ नये, असे माझे मत आहे. परंतु कार्तिकीच्या एकादशीस चातुर्मास सुटतो आणि त्यानंतरच परिक्रमा सुरू होते. कार्तिकी पंढरीस करावी, काला घ्यावा आणि ओंकारेश्वरास जावे. रोज वीस-पंचवीस किलोमीटर धरून, विसाव्याचे दिवस मिळवून, चैत्र-वैशाखापर्यंत वाट संपते. ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून प्रस्थान. मध्ये पाय शेकायला पुरेसे दिवस मिळतात. माघी आणि चैत्री मात्र चुकेल. त्याबद्दल त्यांनी आपल्या फडाच्या महाराजांची आज्ञा घ्यावी, आणि दोन कांबळी बरोबर घ्यावी. मी एकच नेली होती.