चष्मा काढायचाय? आधी दवाखाना पारखू या



बारावी झाली की बऱ्याच घरांत एक विषय हमखास निघतो, "आता चष्मा काढून टाकू." कुणाला भरतीला जायचं असतं, कुणाच्या घरी स्थळं बघणं सुरू असतं. आम्ही ओझरचे. मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिकला निघालं की वाटेत सवलतीचे फलक दिसतातच. माझ्या धाकट्या भावानेही असाच एक फलक पाहून हट्ट धरला. वय २०, नंबर उणे ६. त्या अनुभवातून मी जे शिकले, ते आज पाठासारखं मांडते.

ऑपरेशनात नेमकं काय होतं?

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला पारपटल म्हणजे कॉर्निया म्हणतात. लेझरने त्याचा अगदी पातळ थर काढून त्याचा आकार बदलतात, म्हणजे प्रतिमा नीट दृष्टिपटलावर पडते. मूळचे भारतीय असलेले शास्त्रज्ञ रंगास्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत दाखवलं, की एक्सायमर लेझर आजूबाजूचा भाग न भाजता सजीवांच्या ऊतीचे बारीक थर काढू शकतो. पुढे त्यावरच ही शस्त्रक्रिया उभी राहिली.

साधी वजाबाकी

पारपटलाची जाडी मधोमध साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. लॅसिकमध्ये वरची झडप सुमारे ११० मायक्रॉनची. एका नंबरमागे लेझर अंदाजे १२ ते १५ मायक्रॉन काढतो. उणे ५ नंबर असेल आणि नंबरमागे १४ धरले तर ७० गेले.

५४० − ११० − ७० = ३६०

खाली निदान २५० शिल्लक हवेत, बरेच डॉक्टर ३०० धरतात. आता जाडी ४७० आणि नंबर उणे ८ घ्या. नंबरमागे १५ धरले तर १२० जातात आणि उरतात २४०. हे गणित जमत नाही. म्हणजे एकाला चाललं ते दुसऱ्याला चालेलच असं नाही.

आमच्याकडे काय झालं?

पहिल्या ठिकाणी मशीनवर नंबर बघितला आणि लगेच "आज पैसे भरले तर सवलत" सुरू झालं. भाऊ तयारच होता. मी म्हटलं, थांब, अजून एका ठिकाणी विचारू. दुसऱ्या ठिकाणी तपासणीला अर्धा दिवस गेला. पारपटलाचा नकाशा काढला, म्हणजे टोपोग्राफी. डॉक्टरांनी विचारलं, "डोळे चोळतोस का?" हा लहानपणापासून चोळायचा. जाडी कमी आणि नकाशात खालची बाजू जास्त फुगीर. केराटोकोनसची शंका होती. अशा डोळ्यावर लेझर केला तर पारपटल आणखी कमजोर होऊन पुढे फुगू शकतं आणि नजर चष्म्यानेही सुधारत नाही. त्यांनी स्पष्ट "नाही" सांगितलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा नकाशा काढायला बोलावलं.

भाऊ आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही. "ताई, तूच खोडा घातलास," म्हणाला.

दवाखान्यात काय विचारायचं?

१. टोपोग्राफी, जाडी, डोळ्यातला ओलावा आणि बाहुली मोठी करून मागच्या पडद्याची तपासणी, हे सगळं करणार का?
२. वय १८ पूर्ण आहे का आणि नंबर निदान वर्षभर स्थिर आहे का? जुन्या चिठ्ठ्या सोबत न्या.
३. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असल्यास तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायच्या?
४. पीआरके, लॅसिक, स्माइल यांपैकी मला कोणतं आणि का?
५. ऑपरेशन कोण करणार आणि नंतर त्रास झाला तर कोण बघणार? डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी आहे का?
६. सांगितलेला खर्च दोन्ही डोळ्यांचा आहे का? तपासण्या, औषधं आणि नंतरच्या भेटी त्यात धरल्यात का?
७. रिपोर्टची प्रत मिळेल का?

भरतीसाठी करायचं असेल तर त्या भरतीचे वैद्यकीय नियम आधी वाचा. ते सगळीकडे सारखे नसतात. ऑपरेशननंतर काही आठवडे धूळ, पोहणं आणि डोळे चोळणं टाळावं लागतं. आपल्याकडे द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्यांनी तर हंगाम बघूनच तारीख ठरवावी. आणि चाळिशीनंतर वाचायचा चष्मा लागू शकतो, हेही मुलांना आधीच सांगा.

सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा गेलो. नकाशा फारसा बदललेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, दर सहा महिन्यांनी दाखवत राहा. चष्मा आहे तसाच आहे, पण आता भाऊ स्वतःच तारीख लक्षात ठेवतो आणि डोळ्याकडे हात गेला की थांबतो.

शिक्षक मित्रांनो, वर्गात एखादं मूल सारखं डोळे चोळत असेल, तर पालकांना नक्की सांगा. तेवढं आपल्या हातात आहे.