एक थीम, अनेक संकेतस्थळे



केंद्रातील शाळांची संकेतस्थळे सिद्ध करण्याचे काम बहुधा एकदोन शिक्षकांकडेच येते. प्रत्येक शाळेसाठी नवी, अधिक नेत्रसुखद थीम शोधावी, असा मोह अशा वेळी होतो. परंतु दहा शाळांसाठी दहा थीम घेतल्या की दहा निरनिराळ्या रचना शिकाव्या लागतात व दहा निरनिराळे बिघाड निस्तरावे लागतात. पुढे त्या शिक्षकाची बदली झाली म्हणजे संकेतस्थळ ओस पडते. प्रवेशाची सूचना गतवर्षीचीच राहते आणि पालकांचा त्यावरील विश्वास उडतो.

आपले जनरल रजिस्टर पाहा. नावे प्रत्येक शाळेची वेगळी, पण रकाने तेच. म्हणूनच बदलून आलेला शिक्षक ते पहिल्याच दिवशी चालवू शकतो. संकेतस्थळांच्या बाबतीतही हेच तत्त्व पाळावे. ते कसे, याचा विचार वर्डप्रेस या बहुपरिचित प्रणालीच्या आधारे प्रस्तुत पाठात केला आहे.

१. थीमचे स्वरूप

वर्डप्रेस २००३ साली प्रसिद्ध झाले आणि २००५ मधील १.५ या आवृत्तीत थीमची व्यवस्था आली. लेख व सूचनांचा मजकूर डेटाबेसमध्ये राहतो. थीम त्याचे दर्शनी रूप ठरविते. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातील थीम मुक्त परवान्याच्या असल्याने एकच थीम हव्या तितक्या संकेतस्थळांवर योजता येते.

२. निवडीच्या कसोट्या

(अ) देवनागरी : पुष्कळ थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून रचलेल्या असतात. शीर्षकातील अक्षरांत सोडलेले जादा अंतर रोमन लिपीत शोभते. देवनागरीत मात्र त्याने शिरोरेषा तुटते. ओळी फार जवळ असतील तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात. म्हणून थीमसोबतच्या नमुन्यावर न विसंबता ‘शिष्यवृत्ती’, ‘सुट्ट्यांचे वेळापत्रक’ असे आपले शब्द घालून पाहावे.

(आ) मोबाइल : पालक संकेतस्थळ पाहतात ते बहुधा मोबाइलवर. साध्या फोनवर, मंद इंटरनेटवर पान उघडून पाहावे. फिरत्या मोठ्या चित्रांपेक्षा लवकर दिसणारी सूचना मोलाची. नेहमीच्या आकाराचा मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण किमान ४.५ : १ असावे, असा सुगम्यतेचा मान्य दंडक आहे.

(इ) बदलांची सोय : रंग, अक्षरे व शीर्षपट्टी ही कोड न लिहिता बदलता आली पाहिजेत.

(ई) देखभाल : थीमच्या सुधारित आवृत्त्या नियमित निघतात की नाही, हे पाहावे. विकत मिळणाऱ्या थीमच्या, अनोळखी ठिकाणी फुकट वाटल्या जाणाऱ्या प्रती कटाक्षाने टाळाव्यात. त्यांत घातक कोड दडविलेला असू शकतो.

(उ) मोकळीक : घटकाभर दुसरी थीम लावून पाहावी. मजकूर वाचनीय राहिला तर निवड ठीक. त्यात निरर्थक चिन्हे उमटली तर आपण त्या थीमला बांधले जाणार, हे ओळखावे.

३. आपले बदल कोठे ठेवावेत?

मूळ थीमच्या फाइलींत कधीही खाडाखोड करू नये. सुधारित आवृत्ती घेताच त्या फाइली बदलल्या जातात व आपले श्रम वाया जातात. यासाठी चाइल्ड थीमची योजना आहे. हिच्या स्टाइल फाइलीत मूळ थीमच्या फोल्डरचे नाव नोंदविलेले असते. आपण बदललेले तेवढेच चाइल्ड थीममध्ये ठेवावे. उरलेले मूळ थीममधून घेतले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संपादकाच्या पडद्यावर केलेले रंगरूपाचे बदल त्या संकेतस्थळाच्या डेटाबेसमध्ये साठतात. दुसऱ्या शाळेकडे ते आपोआप जात नाहीत. ठोकळ्यांच्या म्हणजे ब्लॉक पद्धतीच्या थीममध्ये रंग व अक्षरांचे आकार थीम.जेसन या एकाच फाइलीत लिहिता येतात. ही सोय २०२१ मध्ये आली. सर्व शाळांना समान असे बदल चाइल्ड थीमच्या या फाइलीत लिहावेत आणि तीच चाइल्ड थीम सर्वत्र न्यावी.

४. समान काय, स्वतंत्र काय?

सूचनांची जागा, पर्यायसूचीचा क्रम, संपर्काचे पान ही समान असावीत. शाळेचे नाव, रंग, छायाचित्रे आणि मुलांचे लेखन ही मात्र त्या त्या शाळेचीच असावीत. संकेतस्थळाचा जिवंतपणा थीमच्या नावीन्यात नसून या मजकुरात असतो. थीमच्या शोधात वाचलेला वेळ मुलांचे लेखन गोळा करण्यास द्यावा.

५. उत्तराधिकाऱ्यासाठी टिपण

थीमचे नाव, आवृत्ती, चाइल्ड थीममधील बदल आणि तिची प्रत ठेवल्याची जागा, इतके एका कागदावर लिहून शाळेच्या दप्तरी ठेवावे. नवी आवृत्ती घेण्यापूर्वी संपूर्ण संकेतस्थळाची प्रत काढावी. आवृत्ती प्रथम एकाच शाळेत लावून पाहावी, मग इतरत्र. एक थीम सर्वत्र असली की तिच्यातील एक दोष सर्वत्र पोहोचतो, म्हणून ही सावधगिरी अवश्य बाळगावी.

स्वाध्याय

१. दोन थीम घेऊन वरील पाच कसोट्यांवर त्यांची तुलना करा.
२. केंद्रातील सर्व शाळांना समान ठेवावयाच्या बाबींची यादी सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून ठरवा.
३. आपले टिपण या कामाशी अपरिचित अशा सहकाऱ्याच्या हाती द्या. केवळ त्यावरून त्यांना नवी सूचना लावता आली, तर काम पुरे झाले असे समजा.