रुसणारी मशीन आणि हातातली कामे

शिवणकामाची पुस्तके बहुधा मापे घेण्यापासून सुरू होतात. छाती, कंबर, उंची, मग बेतणे, मग कापणे. मशीन नीट चालते आहे, हे ती पुस्तके गृहीत धरून चालतात. परंतु आमच्या बेळगाव भागात ज्या घरांची मीठमिरची शिवणाच्या मिळकतीतून येते, त्या घरांतील मशीन क्वचितच नवी असते. कोणाची सासूच्या हातची, कोणाची जुन्या बाजारात घेतलेली, तर कोणाला एखाद्या संस्थेच्या वाटपात मिळालेली. ती चालते, मध्येच रुसते, पुन्हा चालते. म्हणून बेतण्याविषयी आम्ही येथे काही सांगणार नाही. घरात अशी मशीन असताना हाती घेतलेली निरनिराळी कामे वायद्यावर कशी पुरी करावीत, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम मशीनचे शिवणे म्हणजे काय, ते समजून घेऊ. हाताने शिवताना एकच दोरा कापडातून आरपार जातो व परत येतो. मशीनच्या सुईचे नेढे टोकाजवळ असते. ती कापडाखाली जाऊन दोऱ्याचा एक फास सोडते आणि वर येते. खालचे हूक तो फास पकडून बॉबिनच्या दोऱ्याभोवती फिरविते आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात. अशा दोन दोऱ्यांच्या टाक्याचे पेटंट अमेरिकेत एलियस हौ यांनी १८४६ साली घेतले. आदल्या वर्षी बोस्टन येथे त्यांनी आपली मशीन पाच शिवणारणींसमोर चालवून दाखविली होती. ती मिनिटाला २५० टाके घालीत असे. १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी उभी सुई व कापड दाबून धरणारा पाय यांची सुधारलेली मशीन काढली. आपल्याकडे कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग कारखान्याने १९३० च्या दशकात उषा मशीन तयार करण्यास सुरुवात केली. यंत्रांविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राचा अपवाद केला होता. असो. इतिहास इतका पुरे.

यातून ध्यानात ठेवायची गोष्ट ही, की दोन दोऱ्यांचे भांडण झाले की टीप बिघडते, आणि कोणता दोरा भांडतो आहे हे टीपच सांगते. आमच्या वर्गातील एक वयस्क खालाजान म्हणत, "बाई, मशीन मोडली नाही, रुसलीय." हे म्हणणे आम्हास फार योग्य वाटते. मोडलेल्या मशीनला मिस्त्री लागतो, पण रुसलेलीला नुसते विचारावे लागते. दहापैकी आठ वेळा ती रुसलेलीच असते, असा आमचा वर्गातील अनुभव आहे.

विचारावे कसे? ज्या कापडावर काम करायचे त्याच कापडाची दुहेरी चिंधी घ्यावी. वर एका रंगाचा व बॉबिनमध्ये दुसऱ्या रंगाचा दोरा घालून चार बोटे टीप मारावी आणि चिंधी उलटसुलट करून पाहावी. कापडाच्या खालच्या बाजूस दोऱ्याचे झुपके दिसले, की आपल्या भगिनी लगेच बॉबिनची डबी काढून तिचा स्क्रू फिरवू लागतात. वास्तविक खाली गुंता दिसला तर दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. तो टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो, म्हणून सैल पडून खाली लोंबतो. दोरा ओवताना दाबाचा पाय वर उचललेला असावा, कारण पाय वर असला की चकत्या उघडतात. पाय खाली असताना ओवलेला दोरा चकत्यांच्या बाहेरच राहतो. तेव्हा सर्व दोरा काढून टाकावा, पाय उचलावा आणि पुन्हा पहिल्यापासून ओवावा. उलट वरच्या बाजूस दोरा सरळ तारेसारखा पडलेला असेल व खालच्या दोऱ्याचे ठिपके वर आलेले असतील, तर वरचे टेन्शन जास्त आहे किंवा खालचे सैल आहे. आधी वरचे पाव फेरा सैल करून पाहावे. डबीच्या स्क्रूला हात लावण्याची पाळी सर्वांत शेवटी. ती पारखण्याची जुनी रीत अशी: बॉबिन डबीत घालून दोऱ्याने डबी लोंबती धरावी. ती आपल्या वजनाने सरसर खाली जाऊ नये. हाताला हलका झटका दिला की दोनतीन बोटे उतरून थांबावी.

टाके गळत असतील तर सुई पाहावी. सुई ही मशीनमधील सर्वांत स्वस्त वस्तू आणि तीच आपण सर्वांत उशिरा बदलतो. आठ तास शिवून झाले की सुई बदलावी, असे जाणकार सांगतात. आमच्याकडे एकेक सुई दिवाळी ते दिवाळी चालते! सुई काचेवर ठेवून बोटाने लोळवावी; वाकडी असेल तर टोक डोलताना दिसते. सुई बसविताना तिच्या दांड्याची चपटी बाजू हुकाकडे आणि लांब खाच दोरा ज्या बाजूने ओवतो त्या बाजूस असली पाहिजे. सुई वर टेकेपर्यंत सरकवावी व मगच स्क्रू आवळावा; केसभर खाली राहिली तरी हुकाला फास सापडत नाही. मलमलीला ११ नंबर, साध्या सुतीला १४, पिशवीच्या जाड कापडाला १६ किंवा १८. दोरा सुईला जुळतो की नाही हे पाहण्यासाठी वीतभर दोरा सुईत ओवून तिरका ताणून धरावा. सुई त्यावरून आपोआप घसरली पाहिजे. अडली तर नेढे लहान आहे.

दोरा वारंवार तुटत असेल तर तो आधी हाताने ओढून पाहावा, कारण जुनी रिळे कुजलेली असतात. दोरा चांगला असूनही तुटतो आहे, असे दिसले तर सुईखालच्या पत्रीच्या भोकावर नख फिरवावे. पूर्वी कधी सुई तुटताना तेथे ओरखडा पडलेला असतो आणि तोच दोरा कापतो. बारीक पॉलिश-कागदाने तो घासून गुळगुळीत करता येतो.

कापड पुढे सरकत नसेल तर पत्री काढून दातांमधली रुई साफ करावी. कित्येक मशिनींत ती दाबून दाबून नमद्यासारखी झालेली असते. तेल मशीनचेच घालावे. खोबरेल किंवा गोडे तेल घालणाऱ्यांना आम्ही हात जोडतो. ते वाळून चिकट होते आणि मशीन जड चालू लागते. तसे झालेच असेल तर रॉकेलचे थेंब सोडून मशीन रिकामी चालवावी, काळा मळ पुसावा आणि मग प्रत्येक भोकात एकेक थेंब तेल द्यावे. पायाच्या मशीनची चामडी वादी पावसाळ्यात सैल पडते. ती पाव इंच कापून तारेच्या कडीने पुन्हा जोडावी. नव्याने शिकणारीचे चाक उलटे फिरते व दोरा गुंततो. यास्तव दरवेळी आधी हातचाक आपल्याकडे फिरवून मग पाय चालवावा.

एवढे करूनही टाके गळतच राहिले, तर हूक व सुई यांचा मेळ चुकला असावा. तेथे मात्र आपण हात घालू नये. ते मिस्त्रीचे काम आहे.

आता कामांकडे वळू. आमच्याकडच्या बायकांची कामे एका जातीची नसतात. खणाच्या पिशव्या व बटवे, बारशाची कुंची आणि दुपटे, जुन्या लुगड्यांची गोधडी, उशांचे अभ्रे, ईदेचे झबले, गणपतीच्या मखराचे तोरण: एकाच वेळी पाचसहा जिन्नस घरात पडलेले असतात. साधारण रीत अशी, की एक पिशवी बेतायची, शिवायची, तिला गोंडे लावायचे, घडी घालून ठेवायची आणि मग दुसरी घ्यायची. पुरी झालेली वस्तू डोळ्यांपुढे दिसली की मनाला समाधान होते, हे खरे. परंतु ज्या घरी मशीनचा भरवसा नाही, त्या घरी ही रीत घातक आहे. मशीन वायद्याच्या आदल्या दिवशी रुसली तर बारा पिशव्या पुऱ्या आणि तेरा नुसत्या कापलेल्या, अशी अवस्था होते. गिऱ्हाइकाला पंचवीस हव्या असतात.

म्हणून आम्ही वर्गात असे सांगतो, की वस्तूंची वाटणी वस्तूवार करू नका, टाक्यावार करा. घेतलेल्या सर्व कामांतून मशीनवाचून होणार नाही असे जे असेल ते एका गाठोड्यात बांधावे. पिशव्यांच्या लांब शिवणी, बंद, अभ्र्यांच्या कडा ही ती कामे. दुसऱ्या गाठोड्यात केवळ हाताचे काम: काज, गोंडे, मणी, तुरपाई, क्रोशाची झालर, गोधडीचा धावदोरा. मशीन नीट चालते आहे, तो दिवस पहिल्या गाठोड्याचा. त्यातही एका सुईचे व एका रंगाच्या दोऱ्याचे काम सलग उरकावे. पंचवीस पिशव्यांचे पन्नास बंद एका बैठकीत होतात. तेच रोज दोनदोन करू गेल्यास पंचवीस वेळा सुई-दोरा बदलावा लागतो, आणि अशा मशीनचे रुसणे बहुधा त्या बदलातूनच सुरू होते. अशा रीतीने शेवटच्या आठवड्यात फक्त हातकाम उरते. मग मशीन मिस्त्रीकडे असो की वीज गेलेली असो, वायदा चुकत नाही.

याला एक अपवाद आहे. धारवाडकडची कसूती ज्यांना येते त्यांनी ते भरतकाम शिवण्याच्या आधी करावे. गवंती, मुरगी, नेगी, मेंथी हे चारही टाके कापडाचे दोरे मोजून घालायचे असतात, आणि गाठ न मारता घालायचे असतात. कापड सपाट व सुटे असेल तरच मोजणी बरोबर येते. पिशवी शिवून झाल्यावर आत हात घालून कोणी कसूती करू म्हणेल तर डोळे फुटायची वेळ येईल. तेव्हा भरतकामाचे तुकडे हे तिसरे गाठोडे. मशीन मिस्त्रीकडे गेली की ते सोडावे. गुळेदगुड्डचा खण मात्र कापून फार दिवस ठेवू नये, त्याच्या कडा उसवतात. कापल्याबरोबर कडेने हाताने गुंडाळी टाके घालून ठेवावेत.

हाताच्या शिवणीला कमी लेखू नये, हेही सांगितले पाहिजे. आमच्याकडे दर्जी लोक हजरत इद्रीस यांना आपल्या धंद्याचे आद्य पुरुष मानतात. मराठी शिंपी संत नामदेवांचे नाव घेतो. त्या दोघांच्याही काळी मशीन नव्हती. बारीक उलटी टीप हाताने घातली तर पिशवीचा बंदही तोलतो. फक्त वेळ लागतो, आणि तो वेळ मजुरीत धरला पाहिजे. आपल्या भगिनी तो धरीत नाहीत, ही आमची जुनी तक्रार आहे.

वायद्याविषयीही थोडे. वर उल्लेखिलेल्या खालाजान प्रत्येक गिऱ्हाइकाला "इन्शाअल्लाह गुरुवारी देते" म्हणून सांगत. एका रमजानात असे सात जणींचे गुरुवार एकाच दिवशी आले! मशीनने त्याच सोमवारी टाके गाळायला सुरुवात केली. वर्गातल्या दोघी मुली त्यांच्याकडे गेल्या. एकीने सुई बदलली, दातांतली रुई काढली. दुसरीने सगळी कामे पसरून वरच्याप्रमाणे गाठोडी बांधली. बुधवारी मध्यरात्रीपर्यंत मशीनचे काम सरले, आणि काजबटणे चौघींनी मिळून गुरुवारी रोजा सुटायच्या आत केली. सातपैकी सहा जणींचे कपडे गेले. सातवीला खालाजाननी आधीच निरोप पाठविला होता, त्यामुळे ती रागावली नाही. ईदेच्या आदल्या दिवशी तिने ते नेले. पुढे खालाजान गुरुवारऐवजी तारीख सांगू लागल्या, आणि मनातल्या तारखेत चार दिवस मिळवून सांगू लागल्या.

आता संस्थांच्या चालकांपुढे एक गोष्ट मांडण्याचे धाडस करतो. गरजू बहिणींना मशीन देण्याची प्रथा जुनी आहे व ती पुण्याची आहे. सरकारनेही २०२३ साली सुरू केलेल्या विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश केला. परंतु दिलेल्या मशिनी आम्ही घरोघर पाहतो, तेव्हा कित्येकींवर झाकण घालून वर कपड्यांच्या घड्या रचलेल्या असतात. विचारले तर "दोरा तुटतो", "खाली गुंता होतो" एवढेच कळते. त्या घरातील विधवा बहीण पुन्हा दुसऱ्यांची भांडी घासायला जात असते आणि मशीन मात्र नव्या रंगासह कोपऱ्यात उभी असते. हार-फोटोच्या दिवशी मशीन देताना तिच्याबरोबर पेचकस द्यायचा राहून गेला, एवढेच त्याचे कारण.

आमची सूचना लहान आहे. प्रत्येक मशीनबरोबर एक पत्र्याचा डबा द्यावा. त्यात एक मोठा व एक लहान पेचकस, ११, १४ व १६ नंबरच्या चारचार सुया, तेलाची कुपी, रुई काढायला जुना दातांचा ब्रश, पॉलिश-कागदाचा तुकडा, पायाची मशीन असल्यास एक जादा वादी आणि त्याच मशीनच्या मापाच्या तीन बॉबिन असाव्यात. दुसऱ्या मापाची बॉबिन डबीत बसल्यासारखी दिसते व त्रास देते, म्हणून मापाचा आग्रह. मशीन ताब्यात देण्यापूर्वी घेणाऱ्या बहिणीकडून सुई काढून बसवून घ्यावी, दोरा मुद्दाम चुकीचा ओवून तो तिला ओळखायला लावावा. एका दुपारचे काम आहे. डब्यात शेवटी एक लहान वहीही ठेवावी. सुई कोणत्या तारखेस बदलली, तेल केव्हा दिले, कोणत्या कापडाला टेन्शन कितीवर ठेवले, हे तीत लिहायचे. आणि प्रत्येक पानावर त्या दिवशीची टीप मारलेली चिंधी टाचणीने लावून ठेवायची.