त्रिरश्मी ते पंचवटी : एका दिवसाचा अभ्यास

वसतिगृहात ज्याची वळकटी आमच्या शेजारी असे, तो मित्र गेल्या हिवाळ्यात बऱ्याच वर्षांनी नाशिकला आला. त्याच्या हाती एकच दिवस होता. "मला तुझे शहर दाखव," असे तो म्हणाला. आम्ही त्याला सकाळीच त्रिरश्मीवर नेले.

मुंबई-आग्रा महामार्गालगतचा हा डोंगर लोकांच्या तोंडी 'पांडवलेणी' म्हणूनच आहे. पांडवांचा मात्र त्याच्याशी काही संबंध नाही. शिलालेखांत डोंगराचे नाव 'तिरण्हु' असे येते. येथे एकूण 24 लेणी आहेत. बहुतेकांची तोंडे उत्तरेकडे असल्याने पायऱ्या चढून घामाघूम झालेला माणूस ओसरीत शिरताच गारवा अनुभवतो. 19 क्रमांकाचे छोटे लेणे सातवाहन कुळातील कण्ह राजाच्या काळी नाशिकच्या एका महामात्राने करविले. 18 क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागी धंभिक गावाच्या दानाचा लेख आहे. म्हणजे हे काम केवळ राजांचे नव्हते, गावकऱ्यांचेही होते. 3 क्रमांकाच्या विहारात गौतमी बलश्री या राजमातेचा विस्तृत लेख आहे, तो वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या 19 व्या राज्यवर्षातील. विद्यार्थ्यांना लेणी दाखविणारे बहुधा याच लेखापाशी अधिक वेळ थांबतात. आम्ही थांबलो ते 10 क्रमांकापाशी.

हे लेणे नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने संघाला दिले. त्याची पत्नी दक्षमित्रा हिच्या दानाचा लेखही येथेच आहे. उषवदाताने केवळ दगड कोरवून दिला नाही. लेण्यात राहणाऱ्यांच्या निर्वाहाची व्यवस्थाही लावली. त्याने 3000 कार्षापण 'अक्षयनीवी' म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. मुद्दल कधीही परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट. एका श्रेणीकडे 2000 शेकडा 1 दराने, दुसरीकडे 1000 शेकडा पाऊण दराने. त्या व्याजातून वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी मिळावेत, असे लेख सांगतो.

आम्ही मित्राला वहीचे पान काढायला लावले. दर महिन्याचा धरला, तर 2000 वर शेकडा 1 म्हणजे महिना 20, वर्षाला 240. आणि 20 भिक्षूंचे प्रत्येकी 12, म्हणजेही 240. एक कार्षापण कमी नाही, एक जास्त नाही. उरलेल्या 1000 चे वर्षाचे 90 होतात. ते भिक्षूंच्या इतर खर्चासाठी. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदविला गेला, हेही लेखात आहे. दान देणारा शक, ठेव सांभाळणारे विणकर, पांघरणारे भिक्षू! शाळेतील सरळव्याजाचे उदाहरण म्हणून हा लेख फळ्यावर यायला हरकत नाही. गोवर्धन गाव आजही गंगापूरच्या बाजूला आहे. विणकामाचा लौकिक मात्र जिल्ह्यात आता येवल्याकडे गेला.

मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आठवतं, आपल्याला वर्षाला दोन गणवेश मिळत? गावी गेलो की मी ते घालत नसे. फुकटचे म्हणून लाज वाटे. आईला सांगितलं होतं, शिवणारा चुकला म्हणून." आम्हांस हे ठाऊक नव्हते. आमच्याही ट्रंकेत एक गणवेश असाच घडीचा राहिला होता, हे आम्ही त्याला तेव्हा सांगितले. त्याने वहीचे ते पान फाडून खिशात ठेवले.

डोंगराच्या पायथ्याचे बुद्धस्मारक पाहून, वाटेत पापडासह मिसळ खाऊन दुपारी आम्ही पंचवटीत उतरलो. गोदाकाठची गर्दी ओलांडून काळाराम मंदिराच्या तटापाशी आलो. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे सत्याग्रह सुरू झाला. मिरवणूक आली तेव्हा दरवाजे बंद होते; सत्याग्रही दरवाजांपाशी बसले. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा पुढे कित्येक वर्षे नेटाने चालविला. मंदिर काही उघडले नाही, आणि 13 ऑक्टोबर 1935 रोजी याच जिल्ह्यात, येवल्यात, बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली.

मित्राचे आजोबा त्या सत्याग्रहात होते. एवढेच त्याच्या घरी सांगत. ते कोणत्या दरवाजापाशी बसले, हे कोणी विचारून ठेवले नव्हते. "आत जायचं का?" आम्ही विचारले. आता कोणी अडवीत नाही. तो म्हणाला, "नको. बाहेरूनच एक फेरी मारू." आम्ही तटाच्या कडेने चालत गेलो. प्रत्येक दरवाजापाशी तो क्षणभर उभा राहिला. एके ठिकाणी खाली बसून त्याने उंबऱ्याजवळची फरशी हाताने पुसली आणि आपण काय करतो आहोत हे ध्यानी येऊन आमच्याकडे पाहून हसला.

संध्याकाळच्या गाडीत बसताना त्याने आमच्याकडून उषवदाताच्या लेखाचे मराठी भाषांतर मागून घेतले. त्याची मुलगी यंदा सातवीत आहे. सरळव्याज तिला याच वर्षी आहे, असे तो म्हणाला.